दगडी डोणीतले ॲडव्होकेट जनरल

तमाम वाचकांस, त्यांच्या आप्तेष्टांस, आणि ज्यांचे कोर्टात काही काम पडले आहे किंवा पुढेमागे पडणार आहे अशा सर्व जिवांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मुंबई इलाख्याच्या सर्वांत थोर सरकारी वकिलांना, म्हणजे खुद्द ॲडव्होकेट जनरलसाहेबांना, मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि त्या वेळी ते एक पंचा नेसून बैलांच्या डोणीत बसले होते. मजकूर महत्त्वाचा आहे. कृपया हसू नये. मी स्वतः हसले, पण ते पुष्कळ वर्षांनी. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता, आणि आज पन्नाशी उलटल्यावर, दोन्ही मुली सासरी गेल्यावर, डॉक्टरांनी रागावू नका म्हणून बजावल्यावरही ती डोण डोळ्यांपुढे आली की माझ्या हातातली कपबशी वाजायला लागते. डॉक्टरांना काय कळतंय? त्यांनी कुसगावच्या बायकांना मे महिन्यात ओढ्यात करवंटीनं पाणी खरवडताना पाहिलेलं नाही.

आमचं घर कुसगावच्या कडेला, लोणावळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते वडगावच्या कोर्टात वकिली करीत. सकाळी आई त्यांना आंबेमोहोराचा मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार असं वाढून पाठवी. त्या भाताचा वास कौलांतून बाहेर पडे, आणि वाटेनं जाणारी माणसं ‘वकील जेवाय बसले’ म्हणून घड्याळ नसताना वेळ ओळखत. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं जादा इंजिन लोणावळ्यात सोडवत, त्याचा खडखडाट आमच्या परसापर्यंत ऐकू येई. आई त्यावर भात उतरवी आणि नाना त्यावर पायांत वहाणा सरकवीत. काळा कोट मात्र ते अंगात घालून घराबाहेर पडत नसत. तो घडी करून पिशवीत. वडगावला उतरलं, की स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली उभं राहून तो चढवायचा, आणि संध्याकाळी तिथंच उतरवायचा. त्यामुळे कुसगावात ते साधे नाना असत आणि वडगावात वकीलसाहेब, आणि या दोघांची एकमेकांशी फारशी ओळख नव्हती. गाडीत कधी मुन्सफसाहेब त्याच डब्यात आले, तर नाना आंब्यांविषयी बोलत. आंबे संपले, की फणसांविषयी. फणस संपले, की खिडकीबाहेर बघत. चालू दाव्याविषयी कोर्टाच्या उंबऱ्याबाहेर अक्षर काढायचं नाही, हा त्यांचा सोवळेपणा होता. आईच्या सोवळ्यापेक्षा तो कडक होता, कारण आईचं सोवळं निदान दुपारी सुटे.

घरात मात्र नानांना जेवताना कायदा आठवे. घास हातात, हात हवेत, आणि कुळथाचं पिठलं गार. मी एकोणीस वर्षांची होते. शाळा संपवून ट्रेनिंग कॉलेज आणि लग्न या दोहोंची वाट बघत होते. ज्याचा नंबर आधी लागेल त्याचा. नानांचं अक्षर असं होतं, की त्यांचाच अर्ज त्यांना परत वाचून दाखवावा लागे, म्हणून सगळे कागद मी सुवाच्य करीत असे. कलमं, पोटकलमं, ‘अर्जदार नम्रपणे विनंती करतो की’ हे सगळं माझ्या बोटांतून इतकं गेलं होतं, की भाजीवाल्यालासुद्धा मी ‘सबब’ म्हणे.

आता विहिरीकडे वळते. जुन्या काळी कोकणातून घाट चढून येणाऱ्या गाड्यांचा मुक्काम कुसगावात पडे. अशाच एका गाड्यांच्या मक्तेदाराची विधवा, सगुणाबाई, हिनं तिथं चार खणांची धर्मशाळा बांधली, विहीर खणली, आणि बैलांसाठी एका अखंड दगडाची लांबलचक डोण बसवली. दानपत्रात तिनं लिहून ठेवलं होतं की, पाणी वाटसरूंना, गाडीवानांना, गावकऱ्यांना आणि त्यांच्या जनावरांना. कुणाला कधी नाही म्हणू नये. त्या बाईला लिहिता येत नव्हतं, पण काय लिहवून घ्यायचं ते नेमकं कळत होतं. विहिरीचं पाणी कधी आटलं नाही. आमची परसातली विहीर होळीनंतर तळ दाखवी, मग आम्हीही तिकडेच जात असू. धर्मशाळेच्या पडवीत भागामावशी राही. तिची सासू तिथं पाणपोई चालवायची, मग ती चालवू लागली. ती वाकून ओंजळीत पाणी ओती तेव्हा पिणाऱ्याचं डोकं वर होईपर्यंत धार थांबवीत नसे. ‘पुरं’ म्हणायला तोंड मोकळं नसतं, म्हणून डोकं वर करायची पद्धत होती.

या धर्मादायाचे विश्वस्त होते भाऊसाहेब, सगुणाबाईच्या पुतण्याचे चिरंजीव. मुंबईची माणसं उन्हाळ्यात लोणावळ्याला हवा खायला येतात हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं, आणि त्यांना एकदम सुचलं, की वाटसरू तर हेही आहेत. त्यांनी धर्मशाळेला दगडी कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, खोल्यांत फरश्या घातल्या, दारावर ‘शांतिकुंज’ असं रंगवून घेतलं, आणि जागा हंगामाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भागामावशीचे रांजण एका सकाळी फाटकाबाहेर येऊन पडले, त्यातला एक फुटून. विहीर आत राहिली. गाव बाहेर राहिलं. उन्हाळ्यात बायका अर्ध्या कोसावरच्या ओढ्यात उतरू लागल्या, वाळूत खड्डे करायच्या, त्यात पाणी झिरपायची वाट बघायच्या, करवंटीनं हंडा भरायच्या. आणि चार मैलांवर मावळातली धरणं तुडुंब भरलेली! ते पाणी घाटाखाली जाऊन त्याची वीज होई, आणि त्या विजेवर मुंबईत पंखे फिरत. मुंबईकर पंख्याला कंटाळले, की आमच्याकडे यायचे आणि आमच्या विहिरीवर राहायचे. हे लिहिताना मी पेन खाली ठेवून एकदा खोलीत चक्कर मारून आले. असो.

गाव नानांकडे आलं. नानांनी घास हवेत धरला आणि सगळ्यांना ऐकवलं. “सार्वजनिक धर्मादायाच्या विश्वस्तावर कुणीही उठून दावा लावू शकत नाही. दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयातच लागतो. त्याला दोन हितसंबंधी माणसं लागतात. आणि ॲडव्होकेट जनरलांची लेखी संमती लागते. ती नसेल तर कोर्ट कागदाकडे बघतसुद्धा नाही.”

“जनरल म्हंजी पलटणीतला का?” भागामावशीनं विचारलं. “बंदूक घिऊन यील?”

“नाही हो मावशी. वकीलच, पण राजाचा.” आणि नाना खुलले. त्या पदाविषयी बोलताना ते असे खुलत, जसे दुसऱ्यांचे वडील नाटकातल्या गाण्यांविषयी बोलताना खुलत असतील. “राजा हा सगळ्या धर्मादायाचा पालक. एखादं माणूस विहीर बांधून मेलं, तर त्या विहिरीला वाली कोण? राजा. राजाला कोर्टात येऊन उभं राहता येईल का? नाही. म्हणून त्याचा वकील. विलायतेतली जुनी रीत ही. आपल्याकडे मुंबईत कंपनी सरकारपासून ही खुर्ची आहे. पूर्वी तीवर गोरेच बसत, आता आपलीही माणसं बसतात. हायकोर्टात सगळ्या बॅरिस्टरांच्या आधी बोलायचा मान त्यांचा. सरकारला कायद्याची शंका आली, तर सरकार त्यांना विचारतं. आता तर असेंब्लीत उभं राहून बोलायचाही हक्क आहे. मत तेवढं देता येत नाही.”

“बोलायचं, पण मत नाही?” आई चुलीपासून म्हणाली. “मग आमच्याकडे सून म्हणून खपले असते.”

सगळे हसले, नाना सोडून. मी विचारलं की या संमतीची भानगड कशाला? नाना म्हणाले, कुणीही ऊठसूट दावे लावून विश्वस्तांना त्रास देऊ नये म्हणून. बघा! विश्वस्ताला त्रास होऊ नये म्हणून राजापासून कायद्यापर्यंत सगळे जागे. भागामावशीच्या डोक्यावरच्या हंड्याला मात्र कुठलंच कलम नाही.

दोन हितसंबंधी माणसं, हे ऐकल्यावर गावातल्या मोठ्या माणसांचे हितसंबंध एकाएकी आटले. कुणाचा मुलगा बंगल्यांवर दूध घालायचा, कुणाचा भाचा माळी, कुणाची घोडी मुंबईच्या पोरांना फिरवायला. भाऊसाहेबांनी मनात आणलं तर सगळं बंद. पाटलांनी नानांना गुळाचा चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि अंगठा खिशात ठेवला. तेव्हा भागामावशी पुढे झाली. “माजा घ्या. माजं काय घेनार हायती? रांजन तर कवाच घेतलं.” दुसरं नाव आईचं घालावं असं नाना म्हणत होते. आई म्हणाली, “माझं नको, कुमूचं घाला. दावा संपेपर्यंत कुणीतरी जगायला हवं.” अशा रीतीनं भागामावशी झाली अर्जदार क्रमांक एक, आणि मी, कुमुदिनी, कायद्यानं सज्ञान आणि घरात अजून अज्ञान, अर्जदार क्रमांक दोन.

अर्ज मी तीन प्रतींत सुवाच्य केला. तो मुंबईला गेला आणि परत आला, कारण दानपत्राची नक्कल खऱ्या शिक्क्याची नव्हती. शिक्का मिळवला. अर्ज पुन्हा गेला. या वेळी उत्तर आलं की, कायमचे साहेब प्रकृतीसाठी विलायतेला गेले आहेत, त्यांच्या जागी थोड्या महिन्यांसाठी दुसरे साहेब काम पाहत आहेत, आणि ते सध्या उन्हाळी सुट्टीवर आहेत. तरी जूनमध्ये हायकोर्ट उघडल्यावर विचार होईल. जूनमध्ये! जूनमध्ये मावळात पाणी मागायला कुणाला वेड लागलंय? जूनमध्ये आमच्याकडे पाणी आपणहून घरात येतं, कुणाच्या संमतीशिवाय. नानांनी ते पत्र नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाले, “रीतसर उत्तर आहे.” एखाद्याला रीतसर फाशी दिली असती, तरी माझ्या वडिलांनी दोर नीट बांधला आहे का एवढंच पाहिलं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आणि चार दिवसांनी भागामावशीचा पुतण्या धोंडू, जो शांतिकुंजात माळी होता, आमच्या ओटीवर येऊन बसला. म्हणाला, “वकीलसायेब, बंगल्यात मुंबैचा लय मोटा वकील उतरलाय. लाल पट्टेवाला हाय संगं. आख्खा हंगाम घेतलाय त्यानं.” त्यानं सांगितलेलं नाव आणि आमच्या पत्राखालचं नाव एकच निघालं. नाना पाट ओढून मटकन खाली बसले. ज्यांची संमती हवी, ते त्याच धर्मशाळेत भाड्यानं राहत होते. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनी नोकरामार्फत एक बंगला घेतला होता, बस. ‘बिचाऱ्यांना’ हा शब्द मी आज लिहिते. तेव्हा वेगळे शब्द होते.

“मग चला ना नाना,” मी म्हटलं. “दहा मिनिटांची वाट आहे.”

“सुट्टीतला अधिकारी हा अधिकारी नसतो, कुमू. अर्ज कचेरीकडे जातो, माणसाकडे जात नाही.”

“आणि माणूस विहिरीवर बसला असेल तर?”

“तरी कचेरी मुंबईतच असते,” नाना म्हणाले आणि हात धुवायला उठले. हात धुवायला! त्यांच्या हातावर पडलेलं ते पाणी मी ओढ्यातून आणलं होतं.

त्याच आठवड्यात भागामावशी ओढ्याच्या उतारावर दोन हंड्यांसकट घसरली. डावा हात मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधून दिला. मी बघायला गेले तर ती हंड्याकडेच बघत होती. “पार चेपला गं,” म्हणाली. हाताविषयी एक अक्षर नाही. मी तिच्याजवळ बसले. मी काही शूर मुलगी नव्हते. झुरळ दिसलं तर बाजेवर चढत असे. पण त्या रात्री मी अर्जाची तिसरी प्रत पेटीतून काढून पदराखाली ठेवली आणि उशाला टाक-दौत घेतली.

सकाळी नाना स्टेशनाकडे वळताच मी निघाले. भागामावशी गळ्यात हात अडकवून बरोबर. वाटेत ओढ्याकडे निघालेल्या बायका भेटल्या, त्याही आल्या. मी मोर्चा वगैरे काढला नव्हता, नंतर तशा गप्पा उठल्या म्हणून सांगते. ओढ्याची वाट बंगल्यावरूनच जात होती. कुंपणापलीकडून रहाटाची कुरकुर ऐकू येत होती; रोज सकाळी येई, आणि बायका ती ऐकत ऐकत ओढ्याकडे जात. फाटकात धोंडू आडवा आला. त्याचे हात दोरानं लाल झाले होते.

“ताई, आत्ता नगं. सायेब न्हात्यात.”

“कुठं?”

“डोणीत.” त्यानं मान खाली घातली. “कुना डागदरानं सांगितलंय, रोज अर्दा घंटा गार पान्यात बसायचं. मी फाटंपासनं वडतोय.”

मी फाटक ढकललं. विहिरीकडेला जांभळाखाली सगुणाबाईची डोण काठोकाठ भरलेली, आणि तीत छातीपर्यंत बुडालेले, चष्मा लावलेले, गोरेगोमटे, पोट सुटलेले गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले. पाण्यावर जांभळाची दोन पानं तरंगत होती. मला दिसत होते फक्त हंडे. एवढ्या पाण्यात किती हंडे मावतील ते माझी नजर आपोआप मोजत होती, आणि मोजदाद संपत नव्हती.

बायकांनी मग जे केलं ते त्यांनी मुद्दाम केलं नाही. विहीर दिसली, की आल्या क्रमानं हंडा खाली ठेवायचा आणि आपला नंबर येईपर्यंत हंड्यामागे बसायचं, ही त्यांची जन्माची सवय. तशा त्या बसल्या. नऊ जणी, नऊ हंडे, डोणीभोवती अर्धं रिंगण. साहेबांच्या लक्षात आलं की आपल्याला आता उठता येणार नाही.

“कोण आपण?” त्यांनी वर्तमानपत्र छातीशी धरून विचारलं. आवाज मात्र हायकोर्टाचा होता.

“अर्जदार क्रमांक दोन,” मी म्हटलं. “आणि या अर्जदार क्रमांक एक.”

मावशीनं कामट्या बांधलेला हात जरासा वर केला.

साहेब हसले. छान हसले. तेच मला सोसलं नाही. “मुली, अर्ज कचेरीत द्यायचा असतो.”

“दोनदा दिला. जूनमध्ये बघू म्हणालात.”

“मग जूनमध्ये जरूर...”

“जूनमदी मीच आनून दीन की तुमास्नी पानी,” भागामावशी म्हणाली. “छपरातनं गळतंय तेवडं.”

मी सगळं सांगितलं. दानपत्र, विश्वस्त, कुंपण, ओढा, मोडलेला हात. एका दमात, ‘सबब’ घालून. साहेबांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी खोल्यांकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. “म्हणजे ही ती धर्मशाळा?”

“ही ती विहीर,” मी म्हटलं. “आणि तुम्ही बसलाय ती डोण. बैलांची.”

रिंगणातून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब उठायला गेले आणि पंच्याची आठवण होऊन खाली बसले. पाणी बदकन बाहेर सांडलं; नऊही बायकांच्या माना त्या सांडलेल्या पाण्यामागे गेल्या. एव्हाना त्यांचे ओठ निळसर झाले होते. “या मंडळींना जरा बाहेर जायला सांग,” ते म्हणाले.

“सही करा, जातो,” मी म्हटलं आणि टाक पुढे केला.

“हे दडपण आहे,” साहेब दात वाजवत म्हणाले. “दडपणाखाली दिलेली संमती कायद्यानं फुकट आहे.”

तेवढ्यात फाटक वाजलं, आणि मी मागे वळून पाहिलं तर नाना. आईनं स्टेशनाच्या वाटेवर माणूस पाठवला होता. ते धावत आले होते, टोपी तिरकी झाली होती, आणि अंगात काळा कोट होता. कुसगावच्या हद्दीत तो कोट त्यांच्या अंगावर मी प्रथमच पाहिला. वाटलं, आता माझा बाप बोलेल! नाना डोणीसमोर उभे राहिले, श्वास आवरला, आणि हायकोर्टापुढे वाकावं तसे वाकले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “साहेब म्हणतात ते बरोबर आहे. अशी सही निरुपयोगी आहे. उठा सगळ्या जणी. पाठी फिरवा.” आणि त्यांनी अंगातला कोट काढून दोन्ही हातांनी पडद्यासारखा आडवा धरला. त्या कोटाच्या आडून मुंबई इलाख्याचे ॲडव्होकेट जनरल पाण्याबाहेर आले आणि ओल्या पावलांनी खोलीत गेले.

मी हे नानांना माफ केलेलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात एकदा बोलूनही दाखवलं. ते डोळे न उघडता म्हणाले, “अडचणीत सापडलेल्या माणसाची सही घ्यायची नसते, कुमू. भाऊसाहेबांनी गावाचे अंगठे तसेच गप्प केले होते.” बरोबर असेल. माझ्या वडिलांचं नेहमी बरोबरच असे. त्याच्यामुळेच मला त्यांचा राग येई.

साहेब कोरड्या कपड्यांत व्हरांड्यात आले, नानांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाले, “मी या मिळकतीचा भाडेकरू आहे. त्यामुळे या अर्जावर मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. असा अधिकार कलेक्टरांना देता येतो. अर्ज तिकडे जावा असं मी स्वतः लिहीन.” नानांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “केवढी सचोटी!” ते मला हळूच म्हणाले. मला एवढंच कळलं, की आणखी एक उन्हाळा गेला. बायका हंड्यांमागे उभ्या होत्या. रहाटाचा दोर मोकळा लोंबत होता. धोंडू त्याच्याकडे बघत होता. आणि मला एकाएकी सुचलं.

“साहेब, मग ॲडव्होकेट जनरल म्हणून काहीच देऊ नका. भाडेकरू म्हणून द्या. हंगामभर विहीर तुमच्या ताब्यात आहे. भाडेकरूनं दारी आलेल्याला पाणी दिलं, तर त्याला कुणाची संमती लागते?”

नाना माझ्याकडे बघतच राहिले. भरल्या कोर्टात आपलाच मुलगा विरुद्ध बाजूनं उभा राहावा आणि मुद्दा बिनतोड मांडावा, तसा चेहरा झाला त्यांचा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “प्रश्न चांगला आहे,” ते म्हणाले.

“आणि उत्तर?”

“त्यासाठी भाडेपत्र पाहावं लागेल. बाहेरच्यांना आत घेण्याविषयी त्यात काही अट असली, तर...” पट्टेवाल्यानं ट्रंकेतून भाडेपत्र आणलं. चांगलं जाडजूड होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. साहेबांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. नाना, ज्यांनी खुर्ची नाकारली होती, ते आपोआप त्यांच्या खांद्यामागे जाऊन वाचू लागले. एक पान झालं. दुसरं झालं. दोघांची डोकी एकमेकांना लागली. ऊन अंगणात आलं. इतका राग मला आयुष्यात त्याआधी आला नाही आणि नंतरही नाही. एका शब्दाचं काम होतं. ‘भरा.’ दोन अक्षरं. आणि इलाख्यातले सर्वांत मोठे वकील ती दोन अक्षरं बारीक टायपात शोधत होते.

पुढचं सांगून टाकते. कलेक्टरांची संमती दुसऱ्या उन्हाळ्यानंतर आली. दावा पुण्यात लागला, तारखांवर तारखा झाल्या, भाऊसाहेब वारले, त्यांचा मुलगा भांडू लागला. निकाल आमच्या बाजूनं लागला तेव्हा माझी धाकटी मुलगी रांगत होती, आणि आईचं म्हणणं खरं ठरून ती स्वतः तो ऐकायला नव्हती. आता राजा गेला, तरी ॲडव्होकेट जनरलांची खुर्ची आहे. आमच्याकडे धर्मादायाच्या दाव्यांची संमती मात्र धर्मादाय आयुक्त देतात. म्हणजे अजून कुणीतरी देतं आणि अजून कुणीतरी वाट बघतं. पण त्या उन्हाळ्यात, साहेब मुक्काम हलवून जाईपर्यंत, गावानं रोज त्या विहिरीवर पाणी भरलं. साहेब रोज सकाळी व्हरांड्यात ते भाडेपत्र घेऊन बसत आणि मान वर करीत नसत. डोणीत पुन्हा उतरले नाहीत. लोक याला त्यांचा मोठेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. तोंडानं हो म्हणण्यापेक्षा ज्याला तीन आठवडे वाचल्याचं सोंग सोपं वाटलं, त्याच्या मोठेपणाचं माप मी काढत बसणार नाही. आणि ती वाटही त्यांना सापडलेली नव्हती. ती दाखवली अर्जदार क्रमांक एकनं. नाना आणि साहेब तिसऱ्या पानावर होते, तेव्हा तिनं धोंडूला डोळ्यानं खूण केली, धोंडूनं दोर हातात घेतला, रहाट कुरकुरला, दोन्ही वकिलांनी दचकून वर पाहिलं, आणि भागामावशी मोडका हात गळ्यात सावरत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी ओरडली:

“वाचा सायेब, निवांत वाचा! तवर आमी भरून घेतो!”